एक सेंटचे पोस्टकार्ड : खाजगी पत्र आणि इतिहासाचा वाचक

इतिहासाच्या वर्गात साधनांचा विषय निघाला, की पत्रव्यवहाराला मोठा मान द्यावा लागतो. बखर मागाहून लिहिलेली असते, आत्मचरित्र उतारवयात आठवून लिहिलेले असते; पत्र मात्र त्या त्या दिवसाचे असते. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची जुनी दप्तरे धुंडाळली ती याच विश्वासाने. हे सारे एकदा वर्गात सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दुसऱ्याचे पत्र वाचू नये असे आम्हांला लहानपणापासून घरी शिकवले आहे. मग इथे ते वाचायला का लावता?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला. घरी जाताना लक्षात आले, की तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नव्हते.

प्रस्तुत लेख हा ते उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे. त्यासाठी एक उदाहरण घेतो. ते अमेरिकेतले आहे, आणि ज्या लिखाणाविषयी ते आहे ते लिखाण एका पोस्टकार्डाच्या पाठीवर मावण्याएवढेच आहे. परंतु पत्राला जितक्या प्रकारचे वाचक लाभू शकतात तितके सर्व या एका कार्डाला लाभले : ज्याला लिहिले तो, टपालकचेरीतला माणूस, पोलिस, वृत्तपत्रांचा वाचक आणि शेवटी अभ्यासक. एकच मजकूर या पाचजणांनी पाच कारणांसाठी वाचला. ती कारणे वेगळी करून पाहिली, की प्रश्नाचा गुंता बराचसा सुटतो.

लेनबाई कोण होत्या?

कार्ड लिहिणाऱ्या बाईंचे नाव रोझ वाइल्डर लेन. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी डाकोटा प्रदेशातील डी स्मेट या गावाजवळ झाला. आईवडील माळरानावर नव्याने वसाहत करणारे शेतकरी. दुष्काळ, वडिलांना घटसर्पातून आलेला अधूपणा, घराला लागलेली आग अशा आपत्तींनी कुटुंब खचले आणि १८९४ मध्ये घोड्यांच्या गाडीत संसार घालून ते मिझुरी राज्यातील मॅन्सफील्ड येथे आले. या मुलीची आई म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. 'लिटल हाऊस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या बालकादंबऱ्या पुढे जगभर वाचल्या गेल्या.

रोझ कॉलेजात गेल्या नाहीत. शाळा संपवून त्या तारायंत्रावर काम शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९०९ मध्ये क्लेअर जिलेट लेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व १९१८ मध्ये घटस्फोट झाला. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी वृत्तपत्रांत लेखन केले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर यांचे चरित्र त्यांनी १९२० मध्येच लिहिले होते. पहिल्या महायुद्धानंतर रेड क्रॉसच्या कामासाठी त्या युरोपभर हिंडल्या. अल्बेनियाचा त्यांना विशेष लळा लागला आणि काही काळ तेथे त्यांनी घरही केले. १९३३ व १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबऱ्यांनी त्यांना लेखिका म्हणून चांगली लोकप्रियता मिळवून दिली.

तरुणपणी त्यांचा ओढा साम्यवादाकडे होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सोव्हिएत सत्तेखालील कॉकेशस भागात केलेल्या प्रवासाने तो ओसरला. दूरच्या राजधानीत बसलेली मूठभर माणसे कोट्यवधींच्या जगण्याचा आराखडा आखू शकत नाहीत, हे तेथील एका खेडुताच्या बोलण्यातून आपल्याला उमगले, असे त्या सांगतात. १९३६ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात त्यांनी आपली बदललेली श्रद्धा मांडली आणि १९४३ मध्ये 'द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इझाबेल पॅटरसन आणि आयन रँड या दोघींचीही महत्त्वाची पुस्तके बाहेर पडली. अमेरिकेतील व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचाराचा इतिहास लिहिणारे या तिघींची नावे नेहमी एकत्र घेतात. सरकारने माणसाच्या जीविताचे आणि मालमत्तेचे रक्षण करावे, त्यापलीकडे त्याच्या भल्यासाठीसुद्धा त्याच्यावर सक्ती करू नये, असा या विचाराचा थोडक्यात सारांश सांगता येईल.

लेनबाई हा विचार नुसता लिहून थांबल्या नाहीत. युद्धकाळात त्यांनी रेशनकार्ड घेतले नाही. कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथील आपल्या घराभोवती त्या भाजीपाला पिकवीत, फळे व भाज्या बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी करीत. प्राप्तिकराच्या रूपाने सरकारी योजनांना हातभार लागू नये म्हणून पैसे मिळवून देणारे कथालेखन त्यांनी सोडले. १९४२ पासून मात्र 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात त्या सदर लिहीत होत्या आणि वर्णभेदावर कडक टीका करीत होत्या. ही बाई कोणत्या एका साच्यात बसवावी, हे ठरवणे तेव्हाही सोपे नव्हते.

कार्डाचा मजकूर

वर्ष १९४३. अमेरिका महायुद्धात उतरलेली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली होती. पगारातून कर कापून म्हातारपणी निवृत्तिवेतन देण्याची ती योजना. शेतमजूर, घरगडी आणि स्वतंत्र व्यवसाय करणारे लोक तिच्या बाहेर होते. ती व्याप्ती वाढवावी अशी चर्चा आता जोरात सुरू होती. इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा गाजलेला अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये आला होता. अमेरिकेच्या काँग्रेसपुढेही मार्च १९४३ मध्ये अशाच स्वरूपाचा एक सरकारी अहवाल ठेवला गेला होता.

या वातावरणात सॅम्युअल ग्राफ्टन नावाच्या भाष्यकाराने रेडिओवरून श्रोत्यांची मते मागवली. लेनबाईंनी ते भाषण ऐकले, एक सेंटचे पोस्टकार्ड घेतले आणि चार ओळी खरडल्या. त्यांचा आशय असा : उद्या जर्मनीतील मुलांना शाळेत सामाजिक सुरक्षेचे गुणगान ऐकवले, तर ती मुले विचारतील, मग तुम्ही जर्मनीशी लढलात कशासाठी? हे कायदे मुळात जर्मन आहेत. बिस्मार्कने ते आणले आणि हिटलरने वाढवले. अमेरिकन माणसाला स्वातंत्र्य हवे. त्याच्या भल्याच्या नावाखाली त्याच्यावर कर लादावा आणि नोकरशहांनी त्याच्यावर हुकमत चालवावी, हे त्याला मान्य नाही. खाली सही होती : मिसेस सी. जी. लेन.

या सहीकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. लेखिका म्हणून ज्या नावाने देश त्यांना ओळखत होता, ते नाव कार्डावर नाही. घटस्फोटाला पंचवीस वर्षे झाली होती, तरी पूर्वीच्या पतीच्या आद्याक्षरांनी केलेली, कोणाही गृहिणीची असावी तशी ती सही आहे. आपण नामांकित आहोत म्हणून आपले मत ऐका, असा सूर तिच्यात नाही. एका श्रोत्याने दिलेले ते एका श्रोत्याचे मत होते. पुढे जे घडले त्याची किल्ली या सहीत आहे.

कार्डाचा प्रवास

पोस्टकार्ड हे बंद पाकीट नव्हे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याकडेही घरातली नाजूक गोष्ट पाकिटात जाई. खुशालीचे कार्ड मात्र पोस्टमननेच वाचून दाखवले, तरी कोणाला त्यात वावगे वाटत नसे. अमेरिकेत बंद पत्राला कायद्याचे भक्कम संरक्षण होते. टपालात पडलेले बंद पत्र हे घरात कुलपात ठेवलेल्या कागदाइतकेच सुरक्षित आहे. ते उघडायला न्यायालयाचा हुकूम लागेल, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्येच दिला होता. महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १९४१ मध्ये टपालतपासणीसाठी स्वतंत्र खाते निघाले, परंतु त्याचा रोख देशाबाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या टपालावर होता. देशातल्या देशात एका नागरिकाने दुसऱ्याला लिहिलेले कार्ड त्याच्या कक्षेत येत नव्हते.

तरीही लेनबाईंचे कार्ड डॅनबरीच्या टपालकचेरीत वाचले गेले. नुसते वाचले गेले नाही, तर त्याचा मजकूर उतरवून घेऊन तो एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपास-यंत्रणेकडे धाडण्यात आला. युद्धाच्या दिवसांत 'जर्मनी' आणि 'हिटलर' हे शब्द दिसताच कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकली. कार्डातील बाई हिटलरची निंदा करीत आहे की स्तुती, हे शांतपणे वाचण्याइतकी उसंत त्या वाचकाला नव्हती. एफ. बी. आय.ने राज्य पोलिसांकडे विचारणा केली, की ही मिसेस लेन कोण? राज्य पोलिसांनी एक गणवेशधारी शिपाई डॅनबरीला पाठवला.

शिपाई आला तेव्हा लेनबाई अंगणातील हिरवळीत डँडेलियनचे तण उपटत होत्या. त्याने उतरवलेला मजकूर पुढे केला आणि हे तुम्हीच लिहिले का, असे विचारले. त्यांनी होय म्हटले आणि उलट विचारले, की एका नागरिकाने आपले मत सांगितले तर पोलिसांचा त्याच्याशी काय संबंध? त्यांची ही वृत्ती आपल्याला पसंत नसल्याचे शिपायाने सुनावले. त्यावर बाईंनी त्याला जाणीव करून दिली, की आपण नागरिक आहोत, त्याचा पगार आपल्या करातून होतो, तेव्हा आपल्या वृत्तीची तपासणी करण्याचा उद्धटपणा त्याने करू नये. हा मजकूर राज्याविरुद्ध चिथावणी देणारा आहे का, असे त्यांनी त्याला विचारले. तो हो म्हणाला. मग मी तशी पक्कीच आहे, हे बाईंचे उत्तर. हेच मी लिहिते, हेच बोलते, आणि पुढेही लिहीत-बोलत राहीन.

इथेच त्या थांबल्या नाहीत. सारी हकीकत लिहून त्यांनी 'हे काय, गेस्टापो आहे की काय?' अशा अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका तयार केली. 'नॅशनल इकॉनॉमिक कौन्सिल' या संस्थेने ती प्रसिद्ध केली आणि वृत्तपत्रांतून तिचा गाजावाजा झाला. आपली चौकशी लिहिणारी व्यक्ती कोण एवढ्यापुरतीच होती, अशी भूमिका मग एफ. बी. आय.ने घेतली.

मजकुराची चिकित्सा

एवढी रंगतदार हकीकत ऐकल्यावर वाचक सहज लेनबाईंच्या बाजूला जाऊन उभा राहतो. अभ्यासकाने मात्र येथेच थबकावे.

पहिली गोष्ट, अंगणातला संवाद आपल्यापर्यंत आला आहे तो प्रामुख्याने लेनबाईंच्या लेखणीतून. त्या मुरलेल्या कथालेखिका होत्या. संवाद कोठे तोडावा आणि शेवटचे वाक्य कोणाच्या तोंडी द्यावे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. शिपायाने आपली हकीकत सांगणारी पुस्तिका काढली नाही. म्हणून पोलिस आला, कार्डाविषयी विचारणा झाली, बाईंनी जाब विचारला हा गाभा पक्का मानावा. शब्दाशब्दाची हमी देऊ नये.

दुसरी गोष्ट, कार्डाचा मजकूर खरा की खोटा? बिस्मार्कचा उल्लेख बरोबर आहे. जर्मनीत १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा विमा आणि १८८९ साली वार्धक्य व अपंगत्व यांचा विमा सुरू झाला. हिटलर सत्तेवर येईतो ही व्यवस्था जुनी झालेली होती. मधल्या लोकशाही काळात, १९२७ साली, तिच्यात बेकारीच्या विम्याची भरही पडली होती. इंग्लंडने १९०८ साली वृद्धांना निवृत्तिवेतन आणि १९११ साली राष्ट्रीय विमा सुरू केला, म्हणून इंग्लंड काही हुकूमशाहीकडे गेले नाही. एखादी योजना प्रथम कोठे निघाली यावरून तिचा गुणदोष ठरत नाही. तर्काच्या तासाला हे कार्ड दिले, तर लेनबाईंना पैकीच्या पैकी गुण मिळणार नाहीत. शिवाय म्हातारपणी हातात दमडी नसलेल्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला कार्डावर जागाच नाही.

परंतु चूक मत कळवायलाही कार्ड असतेच. बरोबर मतेच टपालाने जावीत असा नियम केला, तर बरोबर काय ते ठरवणारा टपालकचेरीत बसवावा लागेल. लेनबाईंच्या मताशी शंभर टक्के असहमत असलेल्या माणसालाही त्यांचे कार्ड निर्वेध पोहोचावे असे वाटू शकते, नव्हे, वाटायला हवे. मजकुराची चिकित्सा आणि मजकूर लिहिण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९४३ मधील त्या टपालकचेरीत त्यांची गल्लत झाली.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे. पुढील काळातील काही संक्षिप्त लेखनात असे आढळते, की या कार्डात लेनबाईंनी सामाजिक सुरक्षा योजनेला पैशाच्या फसव्या साखळीची उपमा दिली होती. पुस्तिकेतील मजकूर पाहिला तर रोख बिस्मार्क, हिटलर आणि नोकरशाही यांवर आहे. पुढच्या पिढीच्या वादात जो मुद्दा गाजला, तो मागे नेऊन कार्डावर चिकटवला गेला असावा. मूळ चार ओळी आणि त्यांविषयीची चारशे पाने यांत आधी चार ओळी वाचाव्यात, हा धडा यापेक्षा स्वस्तात मिळणार नाही.

दोन दप्तरे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हे कार्ड आपल्यापर्यंत पोहोचलेच कसे?

रेडिओच्या भाष्यकाराकडे श्रोत्यांची कार्डे येतात, मोजली जातात आणि सामान्यतः रद्दीत जातात. लेनबाईंचे कार्ड निर्वेध गेले असते तर त्याचीही बहुधा हीच गत झाली असती. ते उरले, कारण ज्याला वाचण्याचा अधिकार नव्हता त्याने ते वाचले, उतरवून घेतले आणि वर पाठवले. पोलिसांच्या हाती होती तीही मूळ कार्ड नव्हे, तर त्याची नक्कल. अमेरिकेत १९६६ साली माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला, १९७४ साली त्यात सुधारणा झाली आणि तपास-यंत्रणांच्या फायलींची मागणी करण्याची वाट अभ्यासकांना मोकळी झाली. म्हणजे पाळत ठेवणाऱ्याने जमवलेला कागद शेवटी पाळतीविरुद्धचाच पुरावा ठरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कागदाचा उपयोग जरूर करावा. मात्र तो कसा जमला हे विसरू नये.

लेनबाईंचे दुसरे दप्तर अगदी निराळ्या रीतीने जमले. आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच या छोट्या गावी हर्बर्ट हूवर यांच्या नावाचे अध्यक्षीय ग्रंथालय १९६२ मध्ये उघडले. हूवर यांच्या पहिल्या चरित्रकारांपैकी एक या नात्याने लेनबाईंचे कागद तेथे असणे उचितच आहे. पत्रे, रोजनिश्या, टिपणे, हस्तलिखिते असा तो संग्रह. १९६८ साली ३० ऑक्टोबर रोजी लेनबाई वारल्या. त्यांचे वारस रॉजर ली मॅकब्राइड यांच्यामार्फत हे कागद तेथे आले. याच मॅकब्राइड यांनी लेनबाई आणि उद्योगपती जास्पर क्रेन यांचा पत्रव्यवहार १९७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मॅकब्राइड स्वतः त्याच विचाराचे होते. १९७६ मध्ये ते लिबर्टेरियन पक्षातर्फे अध्यक्षपदाची निवडणूकही लढले. तेव्हा छापील पत्रांमागे निवड करणारा एक हात आहे, आणि त्या हातालाही मते आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

कुटुंबाने जपलेल्या दप्तरालाही भगदाडे असतात. त्याचे उत्तम उदाहरण मायलेकींचा पत्रव्यवहार. 'लिटल हाऊस' मालेत आईचा वाटा किती आणि लेकीचा किती, हा वाद फार दिवसांचा. विल्यम होल्ट्झ यांनी १९९३ साली लिहिलेल्या चरित्रात लेनबाईंना त्या पुस्तकांच्या पडद्याआडच्या लेखिकाच ठरवले. इतरांनी ते मानले नाही. आईची सामग्री व आवाज आणि मुलीचे संपादन असा समतोल त्यांनी मांडला. कॅरोलाइन फ्रेझर यांच्या २०१७ च्या चरित्रग्रंथानंतरही ही चर्चा थांबलेली नाही. या वादात मोठा पुरावा आहे तो पत्रांचा. विशेषतः १९३७-३८ च्या सुमारास 'बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक' या पुस्तकाविषयी दोघींत झालेली पत्रे वाचनीय आहेत. थोरल्या बहिणीचे अंधत्व मुलांच्या पुस्तकात यावे की नाही, गोष्ट कोठे सुरू करावी, यावरून मायलेकी चांगल्याच हटून बसल्या होत्या. आई म्हणत होती, दुःखाचा स्पर्श असला की गोष्ट खरी वाटते. प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते अंधत्व आहे. या मुद्द्यावर आईने आपले म्हणणे सोडले नाही, एवढे पत्रांवरून निश्चित सांगता येते.

पण ही पत्रे त्या सुमारासचीच का? मालेतील पहिले पुस्तक १९३२ चे. तेव्हा मायलेकी मॅन्सफील्डला एकाच शेतावर, हाकेच्या अंतरावरील दोन घरांत राहत होत्या. हस्तलिखित हाती घेऊन आई मुलीकडे येई, बोलणे होई आणि ते हवेत विरून जाई. १९३५ मध्ये लेनबाईंनी ते घर सोडले. मग बोलण्याची पत्रे झाली. म्हणजे ज्या वर्षांत सहकार्य सर्वांत निकटचे होते, त्या वर्षांविषयी पत्रे सर्वांत कमी बोलतात. पत्र जन्मते ते दोन माणसांतील अंतरातून. जिथे अंतर नाही तिथे पत्र नाही, पण म्हणून तिथे काही घडलेच नाही असे मात्र नव्हे. दप्तरातील मौनाचा असा अर्थ लावणे, ही नवख्या संशोधकाची सर्वांत मोठी चूक असते.

दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून पाहावीत. एकातील कागद भीतीपोटी जमला, दुसऱ्यातील मायेपोटी. एकात बाईंनी अनोळखी माणसाला लिहिलेल्या चार ओळी जपल्या गेल्या, दुसऱ्यात आईशी झालेले बोलणे निसटून गेले. म्हणून कोणतेही जुने पत्र हाती आले, की 'यात काय लिहिले आहे?' या प्रश्नाच्या आधी 'हे कोणी आणि का जपले?' हा प्रश्न विचारावा. तो विचारला नाही, तर पत्राचा अर्थ अर्धाच हाती येतो.

न लिहिलेली पत्रे

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. टपालकचेरीतला माणूसही दुसऱ्याचे पत्र वाचतो आणि आपणही वाचतो. मग फरक कोणता?

पहिला फरक असा, की त्याच्या वाचण्याने लिहिणाऱ्याचे वाकडे होऊ शकत होते. त्याने वाचल्यामुळे बाईंच्या अंगणात पोलिस उभा राहिला. आपण वाचतो तेव्हा लिहिणारी व्यक्ती बहुधा या जगात नसते. तरी तिची मुलेबाळे असतात, म्हणून अनेक ग्रंथालये काही कागद ठरावीक वर्षे बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. दुसरा फरक, त्याने एक-दोन शब्द पाहून निकाल दिला. आपल्याला सगळे पत्र, आधीची पत्रे, आलेली उत्तरे वाचल्याशिवाय निकाल देण्याचा अधिकार नाही. तिसरा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे वाचणे गुपचूप होते. अभ्यासकाला आपण कोणता कागद वाचला, कोठे वाचला, त्यावरून काय अनुमान काढले हे चारचौघांत सांगावे लागते, म्हणजे दुसरा कोणी तेच पत्र पाहून त्याचे कान धरू शकतो. घरी जे शिकवले ते खरेच आहे : चोरून वाचू नये. इतिहासाचे वाचन चोरून करायचे नसते.

लेनबाईंची हकीकत आपल्याला माहीत झाली, कारण त्या लेखिका होत्या. त्यांना पुस्तिका काढता आली, वृत्तपत्रांनी त्यांचे ऐकले. त्या खरोखरीच कोणी साध्या मिसेस लेन असत्या तर? शिपायाच्या हातातला कागद पाहून त्या बाई घाबरल्या असत्या, हो साहेब, चुकले म्हणाल्या असत्या, आणि पुढच्या वेळी रेडिओवर कोणी मत विचारले तर कार्ड घेऊन बसल्या नसत्या. त्या न लिहिलेल्या कार्डाची नोंद ना वेस्ट ब्रँचच्या ग्रंथालयात सापडली असती, ना पोलिसांच्या फायलीत. न लिहिलेल्या पत्रांचे दप्तर नसते. पत्रांवर पाळत ठेवणाऱ्या राज्याने इतिहासाचे केलेले नुकसान म्हणूनच कधी मोजता येत नाही.

तेव्हा मागच्या बाकावरील त्या विद्यार्थिनीला माझे उशिरा दिलेले उत्तर असे. तुझा संकोच सोडू नकोस. दुसऱ्याचे पत्र हाती घेताना ज्याला थोडे अवघडल्यासारखे होते, तोच ते नीट वाचतो. तो सही पाहतो, तारीख पाहतो, कोणाला लिहिले ते पाहतो, कोणी जपले ते विचारतो, आणि लिहिणाऱ्याचे मत पटले नाही तरी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतो. १९४३ साली डॅनबरीच्या टपालकचेरीत असा एक वाचक असता, तर त्याने त्या चार ओळी शेवटपर्यंत वाचल्या असत्या, कदाचित मान हलवून नापसंती दाखवली असती आणि कार्ड ग्राफ्टन यांच्या पत्त्याच्या थैलीत टाकून दिले असते.